अळवावरचा रंग: क्वाडचं प्लास्टिक रंगवण्याआधी



मिशिगनमधला उन्हाळा म्हणजे गराज उघडण्याचा मोसम. कुणाच्या गराजमधून गणपतीच्या मखराच्या पेट्या बाहेर येतात, कुणाच्या गराजमधून ढोल, आणि अलीकडे काहींच्या गराजमधून क्वाड. क्वाड म्हणजे एटीव्ही: चार जाड टायर, वर मोटरसायकलसारखी बैठक, आणि रस्ता सोडून कुठेही जायची तयारी. होली ओक्सच्या जुन्या वाळू-खडीच्या खाणीत किंवा सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर आपली मुलं ती घेऊन जातात आणि चिखलाचे पुतळे होऊन परत येतात.

परवा एका श्रोत्यांनी विचारलं, "मुलाने जुनी एटीव्ही घेतली आहे. इंजिन ठणठणीत, पण मडगार्डं पांढुरकी पडली आहेत. दुकानातून स्प्रेचे दोन डबे आणून रंगवली तर चालेल का?"

मी "हो, चालेल की" म्हणणार होतो. जीभ चावली. कारण तीन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. त्यात माझे चार शनिवार गेले, पैसे गेले, आणि बाबांना आठवडाभर खोकला झाला. तो खोकला साधा नव्हता, हे मला नंतर कळलं. म्हणून आजचा भाग थोडा सविस्तर.

आधीच सांगतो, मी रंगारी नाही. आयटी कन्सल्टंट आहे, वर एमबीएचं कागदही आहे. कंपन्यांना मी पैसे घेऊन सांगतो की उपाय विकत घ्यायच्या आधी प्रश्न काय आहे ते तपासा. स्वतःच्या गराजमध्ये मात्र आधी डबा आणला आणि प्रश्न नंतर.

झालं असं. मुलीला सोळा पूर्ण झाली आणि तिने स्वतःच्या पैशांतून अर्धी रक्कम घालून एक जुनी लाल क्वाड घेतली. लाल म्हणजे एके काळी लाल. उन्हाने तिची मडगार्डं गुलाबी आणि खडूसारखी झाली होती, हात फिरवला तर बोटाला पांढरी भुकटी लागायची. तिला निळी हवी होती. त्याच वेळी आई-बाबा नाशिकहून उन्हाळ्यासाठी आले होते. बाबा सातपूरला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं होते. आता घरात असा माणूस असल्यावर यूट्यूब कोण बघतो?

बाबांनी पत्र्याची पद्धत सांगितली. तेल काढा, घासा, प्रायमरचा हात, वाळू द्या, परत हलका पॉलिश पेपर, मग रंगाचे दोन हात. आम्ही तसंच केलं. संध्याकाळी गाडी अशी दिसत होती की शेजारचे विचारायला आले, नवीन घेतली का. पुढच्या रविवारी मुलगी होली ओक्सला गेली. बुटाची टाच मडगार्डला घासली, एक फांदी लागली, बस्स. घरी आली तेव्हा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा सुटत होता. नखाने टोक उचललं की वीतभर पापुद्रा एकसंध निघायचा. खाली लाल-गुलाबी प्लास्टिक जसंच्या तसं. बाबांनी तो पापुद्रा उजेडात धरून मागून-पुढून पाहिला आणि म्हणाले, "अरे, रंग फाटलेला नाही. त्याने धरलंच नाही."

बाबांचं हे वाक्य म्हणजेच निम्मं उत्तर होतं. रंग खराब असता तर त्याचा भुगा झाला असता. तो अखंड निघाला, म्हणजे रंग चांगला होता, फक्त खालच्या प्लास्टिकशी त्याची ओळखच झाली नव्हती.

अळवावरचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. थेंब गोल राहतो, पान ओलं होत नाही, जरा हललं की घरंगळतो. अळवाच्या पानावर मेणाचा अतिशय बारीक थर असतो. आता गंमत अशी की आपली रोजची बादली, दुधाचा कॅन, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि बऱ्याच क्वाडची मडगार्डं ज्या पॉलिइथिलीनची असतात, ते रसायनाच्या भाषेत मेणाचंच लांबलचक भावंड आहे. कार्बन आणि हायड्रोजनची सरळ साखळी, बाकी काही नाही. पकडायला कडी नाही, कोयंडा नाही.

याला मोजमापही आहे. प्रत्येक पृष्ठभागाची दुसऱ्या पदार्थाला जवळ करायची एक ताकद असते, तिला पृष्ठऊर्जा म्हणतात. पॉलिइथिलीनची साधारण ३१ मिलीन्यूटन प्रति मीटर, पॉलिप्रॉपिलीनची ३०च्या आसपास. एबीएस नावाचं कडक प्लास्टिक असतं, त्याची ४०च्या घरात. पाण्याचा स्वतःचा पृष्ठताण ७२, म्हणून पाणी पॉलिइथिलीनवर पसरण्याऐवजी स्वतःशीच गोळा होतं. रंगातल्या द्रावकांचा ताण पाण्यापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे रंग पसरतो आणि आपल्याला वाटतं की जमलं. तिथेच फसगत होते. पसरणं वेगळं आणि धरणं वेगळं. एबीएसवर रंगातलं द्रावक पृष्ठभाग किंचित मऊ करतं आणि रंग आत रुजतो. पॉलिइथिलीनला नेहमीची द्रावकं काही करत नाहीत. म्हणून तर रसायनं आणि पेट्रोल त्याच्याच कॅनमध्ये ठेवतात.

पत्र्याचं उलट असतं. स्वच्छ लोखंडाची पृष्ठऊर्जा प्लास्टिकच्या कित्येक पट जास्त असते. बाबांच्या कारखान्यात पत्रा आधी फॉस्फेटच्या टाकीतून जायचा, त्यावर बारीक स्फटिकांचा थर बसायचा आणि प्रायमर त्यात पाय रोवायचा. मग गरम भट्टीत भाजणी. बाबांचं ज्ञान चुकीचं नव्हतं, ते पत्र्याचं होतं.

आता दुसरी गोष्ट: हे भाग लवचीक का असतात आणि त्याने रंगाचं काय होतं.

क्वाडचं मडगार्ड झाडाला आपटलं तर वाकून परत सरळ व्हावं लागतं. पत्र्याला पोचा पडतो, फायबरचं तुटतं, पॉलिइथिलीन वाकतं. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते. त्यावर कडक रंगाचा जाड थर असेल तर तो तेवढा ताण सहन करत नाही, त्याला तडे जातात. थर जितका जाड, तितकं लवकर. काही वेळा रंगाचा तडा खाली प्लास्टिकलाही फाडत नेतो. काच कापताना आधी ओरखडा मारतात ना, तसं. शिवाय थंडी. मिशिगनच्या जानेवारीत उणे पंधराला बहुतेक रंग आणखी कडक होतात, आणि त्याच वेळी आपण बर्फातून गाडी ओढताना नेमकं मडगार्डलाच धरतो.

आणि ऊन-थंडीचा हिशेब वेगळाच. एक मीटर लांबीचं पॉलिइथिलीन घ्या. जानेवारीत उणे वीस, जुलैच्या उन्हात तापून पन्नास, म्हणजे सत्तर अंशांचा फरक. तेवढ्यात ते साधारण एक सेंटिमीटर लांब-आखूड होतं. तेवढंच लोखंड एक मिलिमीटरही होत नाही. वरच्या रंगाला दर ऋतूत ही कसरत करायची असते.

म्हणूनच क्वाड बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक मडगार्डांवर रंग मारतच नाहीत. रंगद्रव्य प्लास्टिक वितळवतानाच त्यात मिसळतात. चरा पडला तरी खाली तोच रंग. आपण वरून रंग मारतो तेव्हा त्या रचनेच्या मूळ कल्पनेविरुद्ध जात असतो, हे माहीत असलेलं बरं.

पण मग गाड्यांचे प्लास्टिकचे बंपर रंगवलेले असतात, ते कसे टिकतात? योग्य प्रश्न. आणि याचा इतिहास आपल्या अंगणातला आहे. ऑबर्न हिल्सच्या शेजारचं पॉन्टियॅक गाव माहीत आहे ना? त्या गावाच्या नावाच्या कंपनीने १९६८ च्या जीटीओ गाडीला एन्ड्युरा नावाचा पुढचा बंपर बसवला. धातूच्या आधारावर रबरासारखं लवचीक आवरण, आणि त्याला गाडीच्याच रंगाचा रंग. तोवर बंपर म्हणजे चकचकीत क्रोमची पट्टी. जाहिरातीत त्या बंपरवर हातोडा मारून दाखवायचे आणि त्याला काही होत नसे. लोकांनी हातोडा पाहिला. पण रंग खात्यातल्या माणसाच्या नजरेने पाहा, कमाल रंगाची आहे: बंपर दबला, परत वर आला आणि रंग तडकला नाही. लवचीक भागाला लवचीक रंग लागतो, हे मोटार उद्योगाने तिथपासून गिरवायला घेतलं.

आजचे बंपर, जीपचे चाकावरचे कमानीसारखे फ्लेअर, साइड-बाय-साइडचे बरेच भाग टीपीओचे असतात. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर मिसळलेलं. त्यालाही रंग सहजी धरत नाही, पण त्याच्यासाठी मध्यस्थ सापडला आहे. क्लोरीन जोडलेलं पॉलिओलेफिन, दुकानात त्याला अधीजन प्रमोटर म्हणतात. लग्न जमवणारा मध्यस्थ दोन्ही घरांचा असतो, तसंच हे. त्याची साखळी पॉलिप्रॉपिलीनच्या जातीची, म्हणून टीपीओशी जुळते, आणि क्लोरीनमुळे रंगाशीही बोलते. त्यातलं द्रावक टीपीओमधल्या रबराच्या कणांना फुगवतं आणि साखळ्या एकमेकींत अडकतात.

मात्र शुद्ध पॉलिइथिलीनपुढे या मध्यस्थाचं फारसं चालत नाही. त्यात रबराचे मऊ कण नाहीत आणि जातही जुळत नाही. डब्यावर "सर्व प्लास्टिकसाठी" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. मागची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याचदा तिथे पॉलिइथिलीन वगळलेलं असतं. आम्ही सॉफ्टवेअरच्या करारात वाचतो ना, तशी.

मग आपल्या हातातलं प्लास्टिक कुठलं, हे ओळखायचं कसं? भाग काढून उलटा करा. आतल्या बाजूला बहुतेक वेळा दोन कोनी कंसांमध्ये अक्षरं कोरलेली असतात. पीई किंवा एचडीपीई म्हणजे पॉलिइथिलीन. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पीपी अधिक ईपीडीएम किंवा टीपीओ म्हणजे रबर मिसळलेलं. एबीएस कळलंच. पीयूआर म्हणजे पॉलियुरेथीन. अक्षरं नसतील तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी, तरंगतात. एबीएस आणि पॉलियुरेथीन बुडतात. टीपीओ सहसा तरंगतं, पण त्यात शंखजिऱ्याची भुकटी जास्त भरली असेल तर बुडूही शकतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. पॉलिश पेपर घासून पाहा. एबीएसची कोरडी भुकटी पडते. पॉलिइथिलीन आणि टीपीओ भुकटी देत नाहीत, त्यांना केस फुटल्यासारखे बारीक तंतू निघतात, आणि सुरीने खरवडलं तर मेणासारखी वळी पडते. बाबांना ही परीक्षा फार आवडली. त्यांनी दुपारभर घरातली सगळी प्लास्टिकं तपासली, आईचा चकलीचा साचासुद्धा.

टीपीओ निघालं तर रंगवा, खुशाल रंगवा. पण निम्म्याहून जास्त काम धुण्याचं आहे. भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, दोनदा. टायर काळे करायला आणि प्लास्टिक चमकवायला आपण जे फवारे मारतो त्यात सिलिकॉन असतं, ते कोपऱ्याकोपऱ्यात बसलेलं असतं, आणि त्याच्यावर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग प्लास्टिकसाठीचं क्लीनर स्वच्छ फडक्याने एकाच दिशेने पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपा. नंतर राखाडी खरखरीत घासणीने चमक जाईपर्यंत घासा. परत पुसा. इथे पाण्याची परीक्षा करता येते. पाणी ओता. ते सलग पडद्यासारखं ओघळलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटलं तर अजून ओशट आहे. टीपीओवर पडदा थोडा तुटणारच, पण मधेच एखादा चट्टा वेगळा वागला तर तिथे तेल आहे.

प्रमोटरचा हात पातळ, अगदी पातळ. जाड केला तर मध्यस्थच दोन्ही घरांच्या मध्ये भिंत होऊन बसतो. डब्यावर लिहिलेल्या वेळेतच पुढचा थर द्या. नाहीतर तो सुकून जातो आणि परत मारावा लागतो. मग रंगाचे तीन-चार हलके हात, दोन हातांमध्ये वाळायला वेळ. शेवटी वरचा पारदर्शक थर. त्यात मिसळायला लवचीकपणा देणारं द्रव मिळतं. त्याचा उपयोग आहे, पण काही प्रकारांत तो परिणाम काळाने कमी होतो. भाग काढून-बसवून वाकवताना रंग तडकू नये, एवढ्यासाठी त्याचा मोठा फायदा. खरी लवचीकता चांगल्या युरेथीन रंगातच आणि पातळ थरात असते. आणि भाग गाडीवरून काढून रंगवा. कडा राहिली की पापुद्रा तिथूनच सुटतो.

पॉलिइथिलीनसाठी कारखान्यांकडे एक उपाय आहे: ज्योत. गॅसच्या निळ्या ज्योतीचा झपाट्याने फेर मारतात. प्लास्टिक वितळत नाही, पण वरच्या अणूंच्या थरात ऑक्सिजन बसतो, म्हणजे कडी-कोयंडे तयार होतात. दुधाच्या कॅनसारख्या बाटल्यांवर छपाई टिकते ती अशीच. घरी प्रोपेनच्या टॉर्चने लोक हे करतात. मी एका टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं. पाणी आधी गोळा होत होतं, ज्योतीनंतर पसरलं, जादूच वाटली. पण जरा थांबलात तर १३० अंशांच्या आसपास पॉलिइथिलीन लोळतं, मडगार्डचा आकार जातो. परिणामही दिवसागणिक उतरतो, त्यामुळे लगेच रंगवावं लागतं. आणि लगेच रंगवायचं म्हणजे टॉर्च आणि थिनर एकाच गराजमध्ये. मी थांबलो तो इथे.

दोन भागांना मात्र हात लावूच नका. एक, पेट्रोलची प्लास्टिक टाकी. पॉलिइथिलीनमधून पेट्रोलची वाफ अगदी हळूहळू पाझरते, भिंतीतून. जुन्या टाक्यांवर स्टिकर लावला की महिन्याभरात फुगे येतात, ते हेच. रंगालाही येतात. २००८ च्या मॉडेलपासून ईपीएने एटीव्हीच्या टाक्यांना या पाझराची मर्यादा घालून दिली: एका चौरस मीटरमागे दिवसाला दीड ग्रॅम. म्हणजे नव्या टाक्या बऱ्या, पण ज्योत वगैरे तिच्या जवळही नको, हे सांगायला हवं का?

दुसरं, हेल्मेट. माझ्या मुलीला गाडीला जुळणारं निळं हेल्मेट हवं होतं. काही हेल्मेटांचं कवच पॉलिकार्बोनेटचं असतं, आणि थिनरने त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. वरून सुंदर निळं, आणि आपटल्यावर तुटणारं. निळं हेल्मेट विकतच घ्या.

आता बाबांच्या खोकल्याकडे येतो.

पहिला रंग सोलून निघाल्यावर मी हार मानली नाही. प्रमोटर आणला, आणि वरच्या थरासाठी टू-के क्लिअरचा डबा आणला. टू-के म्हणजे दोन घटकांचा. डब्याच्या तळाशी एक खटका असतो, तो दाबला की आतली हार्डनरची कुपी फुटते आणि रंग काचेसारखा कडक, चिवट होतो. नुसत्या वाळणाऱ्या स्प्रेपेक्षा हा कितीतरी टिकाऊ, यात वाद नाही. त्या दिवशी वारा होता, धूळ बसेल म्हणून गराजचं दार तीन-चतुर्थांश खाली ओढलं. तोंडाला साधा धुळीचा मास्क. गराजच्या बरोबर वर पाहुण्यांची खोली आहे. बाबा दुपारी तिथे झोपले होते.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. थिनरचा वास येतो, आपण म्हणतो वास येतोय म्हणजे जरा जास्त झालं, दार उघडू. आयसोसायनेटला तेवढा वासच नसतो. नाक सांगेल तोवर उशीर झालेला असतो. काही माणसांत त्याने दमा सुरू होतो. आणि एकदा शरीराने त्याची दखल घेतली की पुढच्या वेळी अगदी थोड्या प्रमाणानेही झटका येऊ शकतो, जन्मभर. तो त्वचेतूनही जातो, त्यामुळे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडेही हवेत. धुळीचा मास्क याला काही करत नाही. कोळशाची काडतुसं असलेला मास्क मदत करतो, पण ती काडतुसं संपली हे वासावरून कळायला वासच नाही. म्हणून रंगाच्या दुकानांतले कारागीर बाहेरून नळीने स्वच्छ हवा येणारा मास्क वापरतात. आणि घराला जोडलेल्या गराजची हवा गराजमध्ये राहत नाही. दारातून, छताच्या फटींतून ती घरात येते. काही घरांत वॉटर हीटरही तिथेच असतो, त्याची ज्योत आणि थिनरची वाफ ही आणखी वेगळी भीती.

संध्याकाळी बाबा खोकत खाली आले. म्हणाले, "हा वास मला ओळखीचा आहे." त्यांच्या पेंट शॉपमध्ये सुरुवातीची बरीच वर्षं मास्क म्हणजे तोंडाला बांधलेलं फडकं होतं. त्यांच्या बरोबरचे दोघं-तिघं पुढे दम्याने घरी बसले, याबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. मला वाटायचं बाबांना धुळीची ॲलर्जी आहे. डॉक्टरांनी इन्हेलर दिला, आठवड्याने उतरलं. उतरलं नसतं तर, हा विचार मी फार वेळ करत नाही.

बरं, एवढं करून तो रंग टिकला का? एक उन्हाळा टिकला. फेब्रुवारीत मुलीने गाडी बर्फातून ओढताना मागचं मडगार्ड धरलं आणि कटकन आवाज आला. कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, आणि मार्चमध्ये पापुद्रे. पॉलिइथिलीन होतं. मागच्या बाजूला स्पष्ट कोरलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

मग शेवटी हिशेब मांडला, जो पहिल्या दिवशी मांडायला हवा होता. दोनदा रंगवण्याचं सामान, मास्क, डॉक्टर, सगळं धरून मूळ निळ्या प्लास्टिकचा अख्खा नवा संच त्याच्याहून फार महाग नव्हता. खपाच्या मॉडेलांसाठी असे संच मिळतात, आतपर्यंत एकाच रंगाचे. तो घेतला. दिव्यांभोवतीची चौकट एबीएसची होती, ती मात्र बूथ असलेल्या एका दुकानात देऊन रंगवून घेतली. उत्तम आहे अजून.

आणि त्या श्रोत्यांच्या पांढुरक्या मडगार्डांचं? आधी रंगाचा विचारच करू नका. पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. वाकल्यामुळे आलेली पांढरी रेघ असेल तर हीट गनने दुरून, हात सतत हलता ठेवून गरम करा, पुष्कळदा ती जाते. उन्हाने आलेली पांढरी भुकटी म्हणजे वरचा मेलेला थर. धारदार पात्याने तो हलके खरवडा, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, जाडकडून बारीककडे, आणि शेवटी पॉलिश. हाताला काम भरपूर आहे, पण खालचा मूळ रंग जिवंत असतो आणि श्वासात काही जात नाही. पोलिश पेपर ओला ठेवा म्हणजे भुकटीही उडत नाही. लाल आणि पिवळा लवकर उडतात, काळा सर्वांत टिकतो, कारण काजळीसारखा कार्बन ऊन स्वतः शोषून घेतो. आपल्याकडच्या गच्चीवरच्या टाक्या काळ्या का असतात त्याचं एक कारण हेच. रंग बदलायचाच असेल तर कमी पृष्ठऊर्जेच्या प्लास्टिकसाठीच्या जाड गोंदाचे विनाइल मिळतात. चरे पडले तर तेवढी पट्टी बदलायची.

सगळ्याच गाड्यांना ही कटकट नाही, बरं का. इथे ऑबर्न हिल्सला २०१८ पासून महिंद्राने रॉक्सॉर नावाची साइड-बाय-साइड बनवली, तिचं अंग चक्क पोलादी पत्र्याचं. जीपसारखी दिसते म्हणून खटला झाला, २०२० मध्ये निकाल विरुद्ध गेला, मग रूप बदलावं लागलं, ती कथा वेगळी. पण बाबांना मी ती एका ठिकाणी उभी दाखवली तेव्हा त्यांनी बॉनेटवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही मी रंगवून देतो."

ते परत गेले ऑक्टोबरमध्ये. जुन्या मडगार्डचा एक तळहाताएवढा तुकडा त्यांनी करवतीने कापून बॅगेत घातला. अर्धा निळा, अर्धा सोललेला. नाशिकला त्यांचे पेंट शॉपमधले सोबती महिन्यातून एकदा चहाला भेटतात, त्यांना दाखवायला. तुकड्याच्या मागे त्यांनी मार्करने लिहिलंय: एचडीपीई, धरत नाही. मार्करची शाईसुद्धा पुसली जाते म्हणून वर चिकटपट्टी लावली आहे, आणि फोनवर सांगत होते की आता तीही सुटायला लागली आहे.